गटारांखालचे कर्ज

९ नोव्हेंबर २०११ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील जेफरसन काउंटीने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. एकूण देणे सुमारे ४२३ कोटी डॉलर होते आणि त्यातले ३१० कोटींहून अधिक एकट्या मैलापाण्याच्या व्यवस्थेपायी झालेले. तोवर अमेरिकेतल्या कोणत्याही स्थानिक शासनाने एवढ्या मोठ्या रकमेची दिवाळखोरी पत्करली नव्हती. २०१३ मध्ये डेट्रॉइट शहराने हा आकडा मागे टाकला. काउंटी म्हणजे ढोबळ मानाने आपला जिल्हा. तिचा कारभार मात्र निवडून आलेल्या आयोगाकडे असतो आणि रस्ते, तुरुंग, सार्वजनिक आरोग्य अशी बरीच कामे तिच्या अंगावर असतात. जेफरसन काउंटीत साडेसहा लाखांवर लोक राहतात. लोखंड आणि कोळशावर उभे राहिलेले बर्मिंगहॅम शहर हे तिचे मुख्य ठाणे. अशी नांदती काउंटी गटारांच्या कर्जाने कशी बुडाली, याची कारणे निरनिराळी सांगितली जातात. कुणी लाचखोर पुढाऱ्यांकडे बोट दाखवतो, कुणी वॉल स्ट्रीटच्या बँकांकडे, कुणी पर्यावरणाच्या कायद्याकडे. प्रत्येक म्हणण्यात तथ्य आहे. पण घटनाक्रम नीट लावून पाहिला की मूळ दुखणे मला दुसरीकडेच दिसते. वाहिन्या जनतेच्या होत्या, बिल जनता भरत होती. पण ज्या करारांवरून ते बिल ठरत होते, ते तिला वाचता येतील अशा रूपात कुणी तिच्यासमोर ठेवलेच नाहीत.

बर्मिंगहॅममधल्या घराला वीज, पाणी आणि मलनिस्सारण या तिन्ही सेवा मिळतात, पण तीन वेगळ्या हातांतून. वीज देणारी अलाबामा पॉवर ही खासगी कंपनी आहे आणि तिचे दर राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगापुढे ठरतात. हा आयोग कंपनीला फार सैल सोडतो अशी टीका तिथे जुनीच आहे, तरी निदान हिशेब मागणारी एक वेगळी संस्था कायद्याने उभी आहे. पाणी देणारे मंडळ सार्वजनिक. मैलापाणी मात्र थेट काउंटीकडे, आणि त्याचा दर काउंटीचे पाच आयुक्तच ठरवणार. कर्ज काढणारे तेच, कंत्राटे देणारे तेच, दर वाढवणारेही तेच. घरात जेवढे पाणी वापरले जाते त्यावरून मैलापाण्याचा आकार काढतात आणि तो पाण्याच्या बिलातच येतो. त्यामुळे बिल हातात पडल्यावर माणसाला रक्कम वाढल्याचे कळते. ती का वाढली, हे मात्र बिलावर लिहिलेले नसते.

गोष्टीची सुरुवात खऱ्याखुऱ्या घाणीतून होते. काहाबा ही अलाबामातली एक सुंदर नदी. शंभरहून अधिक जातींचे मासे तिच्यात आहेत आणि बर्मिंगहॅमच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांपैकी ती एक आहे. त्याच नदीत पावसाळी दिवसांत न शुद्ध केलेले मैलापाणी वाहून जात असे. कारण सरळ होते. जमिनीखालच्या जुन्या वाहिन्यांना तडे गेलेले, सांधे निखळलेले. पाऊस पडला की मातीतले पाणी त्या फटींतून आत शिरायचे, वाहिन्या तुडुंब भरायच्या आणि शुद्धीकरण केंद्राला एवढा लोंढा पेलायचा नाही. मग चेंबर उसळायचे किंवा केंद्रच जादा पाणी तसेच नदीत सोडून द्यायचे. १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याचा आधार घेऊन नागरिकांनी १९९३ मध्ये फेडरल न्यायालयात दावा लावला, पुढे केंद्र सरकारची पर्यावरण संस्थाही त्यात उतरली आणि १९९६ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला. काउंटीने गळती थांबवायची आणि हद्दीतल्या २१ नगरपालिकांच्या वाहिन्याही आपल्या ताब्यात घेऊन दुरुस्त करायच्या, असे ठरले. दुसऱ्यांनी दशकानुदशके न केलेली डागडुजी अशी एका अंगावर आली. सारी व्यवस्था मिळून सुमारे पाच हजार किलोमीटरच्या वाहिन्या आणि नऊ शुद्धीकरण केंद्रे. या कामाला पैसा लागणारच होता आणि तो कर्जानेच उभा राहणार होता. वाहिनी पन्नास वर्षे टिकते, तेव्हा तिचा खर्च पन्नास वर्षांच्या वापरणाऱ्यांनी वाटून घेणे न्याय्यच आहे. इथवर काउंटीचे फारसे चुकले असे म्हणता येणार नाही.

चुकले ते पुढे. सुरुवातीचे कर्जरोखे स्थिर व्याजाचे होते, म्हणजे दरवर्षी किती भरायचे हे आधीच ठाऊक. २००२ ते २००४ या काळात काउंटीने जवळजवळ सगळे कर्ज नव्याने मांडले. स्थिर व्याजाच्या जागी बदलत्या व्याजाचे रोखे आले. त्यांतल्या अनेकांचा दर काही दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या अंतराने होणाऱ्या लिलावात ठरायचा. व्याज चढले तर काय, या धोक्यावर उपाय म्हणून बँकांशी अदलाबदलीचे करार केले गेले, ज्यांना बाजारात स्वॅप म्हणतात. बँकेने काउंटीला बाजारातल्या एका ठरावीक निर्देशांकाप्रमाणे बदलते व्याज द्यायचे आणि काउंटीने बँकेला स्थिर व्याज द्यायचे, असा हा व्यवहार. बँकेकडून येणारे बदलते व्याज रोखेधारकांना देऊन टाकायचे, की काउंटीच्या पदरी फक्त स्थिर हप्ता उरतो आणि तोही जुन्यापेक्षा कमी, असे गणित मांडले गेले. या करारांची एकूण रक्कम काउंटीच्या मूळ कर्जाहूनही मोठी झाली. कागदावर सगळे चोख दिसत होते. मात्र हे गणित एका गृहीतावर उभे होते: बँक ज्या निर्देशांकाने पैसे देते तो आणि लिलावात रोख्यांना लागणारा दर, हे दोन्ही एकत्रच वर जातील आणि एकत्रच खाली येतील.

२००८ च्या आरंभी ते गृहीत कोसळले. जेफरसनच्या रोख्यांना हमी देणाऱ्या विमा कंपन्या घरकर्जांच्या संकटात सापडल्या आणि त्यांची पत घसरली. हमीची पत गेली तसे रोख्यांचे गिऱ्हाईक गेले. लिलावाला बोली येईना. बोली न आल्यास दंडाचा चढा दर लागेल, असे कलम होते. काउंटीचे व्याज काही ठिकाणी दहा टक्क्यांपर्यंत गेले. त्याच आठवड्यांत अमेरिकेची मध्यवर्ती बँक मंदी रोखण्यासाठी व्याजदर झपाट्याने उतरवत होती, त्यामुळे स्वॅप करारांतून काउंटीला मिळणारी रक्कम आटली. द्यायचे वाढले, यायचे घटले, आणि दोन्ही एकाच वेळी. भरीला, बँकांनी उचललेल्या रोख्यांचे मुद्दल दशकांऐवजी थोड्याच वर्षांत फेडावे, असेही कलम जागे झाले. मैलापाण्याच्या बिलांतून एवढा पैसा उभा राहणे शक्यच नव्हते. १९९७ नंतरच्या दहा-अकरा वर्षांत दर आधीच चौपटीच्या वर गेले होते.

हे करार काउंटीच्या माथी कसे आले, ते पुढे न्यायालयांतून आणि रोखे बाजाराच्या नियामकाच्या कारवाईतून उघड झाले. लॅरी लँगफर्ड २००२ ते २००६ या काळात काउंटी आयोगाचे अध्यक्ष होते, नंतर बर्मिंगहॅमचे महापौर. ऑक्टोबर २००९ मध्ये ते साठ आरोपांवर दोषी ठरले. रोख रक्कम, उंची कपडे आणि घड्याळे या रूपांत सुमारे २ लाख ३५ हजार डॉलरची लाच घेऊन त्यांनी रोख्यांचा धंदा एका मित्राच्या पेढीकडे वळवला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेपी मॉर्गन या बँकेने नियामकाशी तडजोड केली. आयुक्तांच्या जवळच्या स्थानिक पेढ्यांना बँकेने ८० लाखांहून अधिक डॉलर गुपचूप दिले आणि तो खर्च स्वॅपच्या चढ्या दरात काउंटीकडूनच वसूल केला, असा नियामकाचा आरोप होता. बँकेने तो मान्यही केला नाही आणि नाकारलाही नाही. अडीच कोटी डॉलर दंड भरला, काउंटीला पाच कोटी दिले आणि करार मोडल्याबद्दल मागितलेले ६४ कोटी ७० लाख डॉलर सोडून दिले. इथे लाच आणि बुडालेले कर्ज या दोन आकड्यांकडे वाचकाने जरा थांबून पाहावे. लाच लाखांत होती आणि बुडीत कोटींत, तीही शेकडो कोटींत. म्हणजे चोरीचा माल लाचेत नव्हता. लाच ही कुणी प्रश्न विचारू नये यासाठी मोजलेली किंमत होती, आणि ती इतकी स्वस्त पडली कारण प्रश्न विचारू शकेल असे दुसरे कुणी त्या वाटेवर उभेच नव्हते.

म्हणूनच ‘माणसे वाईट निघाली’ एवढ्यावर हा विषय मिटवणे मला पटत नाही. मैलापाण्याच्या कामांतील गैरव्यवहारांबद्दल आयुक्त, अधिकारी, कंत्राटदार मिळून वीसहून अधिक जण दोषी ठरले. त्यांत क्रिस मॅकनेअर होते. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी केलेल्या बॉम्बस्फोटात ज्या चार मुली गेल्या, त्यांतल्या डेनिसचे ते वडील. शहराने ज्यांच्याकडे आदराने पाहिले, असा हा माणूस कंत्राटदारांकडून पैसे घेतल्याबद्दल म्हातारपणी तुरुंगात गेला. ज्या व्यवस्थेत अशांचाही तोल जातो, तिथे पुढच्या निवडणुकीत सज्जन शोधून काम भागणार नाही. एकच टेबल कर्ज काढते, कंत्राट देते आणि दर लावते. ते टेबल तसेच राहिले तर त्यामागे कोण बसतो याने फरक पडतो, पण थोडाच.

आता पर्यावरणवाद्यांवरचा आक्षेप. न्यायालयाने नदी स्वच्छ करायला भाग पाडले नसते तर कर्जच झाले नसते, असे म्हणणारे तिथे पुष्कळ आहेत. कामाचा खर्च पहिल्या अंदाजाच्या दुपटीवर गेला, हेही खरे. पण खर्च न करणे हा पर्याय कसा असतो, ते पाहायला अलाबामाबाहेर जावे लागत नाही. त्याच राज्याच्या लाउंड्स काउंटीत, जिथे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आणि गरीब आहेत, अनेक घरांना सार्वजनिक मलवाहिनी नाही. तिथली चिकणमाती पाणी शोषत नाही, त्यामुळे साधी शोषटाकी चालत नाही आणि चालणारी टाकी परवडत नाही. मग शौचालयाचा पाइप सरळ घरामागच्या जमिनीत सोडला जातो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या काही रहिवाशांच्या तपासणीत अंकुशकृमीच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या; अमेरिकेतून हा रोग हद्दपार झाल्याचे मानले जात होते. तिथे कर्ज झाले नाही, पण किंमत मुलांच्या पोटांनी मोजली. जेफरसनच्या हुकूमनाम्यात वाहिन्या दुरुस्त करा असे होते. दर आठवड्याच्या लिलावावर घरादाराचे बिल टांगा, असे त्यात कुठेही नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २००८ चे अरिष्ट मोठमोठ्या बँकांनाही दिसले नाही, मग पाच आयुक्तांना ते दिसायला हवे होते असे आज म्हणणे अन्यायाचे नाही का? अरिष्ट दिसायला हवे होते असे मी म्हणत नाही. प्रश्न वेगळा आहे. न दिसणारा धोका कुणी पत्करायचा? बँक धोका विकत घेते, त्याची किंमत लावते आणि नको झाला तर दुसऱ्याला विकते. तो तिचा धंदाच आहे. बर्मिंगहॅममध्ये साधारण चौथा हिस्सा लोक गरिबीत राहतात. मैलापाण्याचे बिल भरणारी बाई तो धोका कुणाला विकणार? शौचालय वापरणे तिला थांबवता येत नाही आणि दुसऱ्या सेवादाराकडेही जाता येत नाही. ज्या सेवेला पर्याय नाही, तिच्या कर्जात जुगाराचा अंश असता कामा नये, मग त्यातून कागदावर दोन पैसे वाचत असले तरी. स्थिर व्याज थोडे महाग पडते, पण महाग पडलेला तो भाग म्हणजे निश्चिंतीची किंमत असते, आणि गरीब गिऱ्हाईकासाठी ती मोजण्यासारखी आहे.

तज्ज्ञांचा आक्षेप असा, की रोख्यांचे व्यवहार सामान्य माणसाला समजण्यासारखे नसतात. ते सभेत वाचून दाखवले तरी उपयोग काय? मला वाटते, आवश्यक तेवढे चार ओळींत मावते. किती कर्ज, किती वर्षे, व्याज स्थिर की बदलते, आणि सगळे उलटे गेले तर एका घराचे मासिक बिल किती होईल. यातला शेवटचा आकडा जेफरसनमध्ये २००३ साली छापून प्रत्येक पाण्याच्या बिलासोबत गेला असता, तर स्वॅपचा अर्थ न कळताही लोकांनी आयोगाच्या सभागृहाबाहेर रांग लावली असती. एवढे चार ओळींत सांगता येत नसेल इतका करार गुंतागुंतीचा असेल, तर सार्वजनिक संस्थेने त्याच्या वाटेला जाऊ नये. खासगीकरणाचा जो मार्ग सुचवला जातो, त्याबद्दलही हेच. जेफरसनमध्ये मालकी सरकारी असूनही हिशेब बंद राहिला. खासगी कंपनीकडे सेवा दिली की हिशेब आपोआप उघडतो, असा अनुभव कुठेच नाही. तिथल्या वीजग्राहकाला जी थोडीफार दाद मिळते ती सार्वजनिक सेवा आयोगामुळे, आणि तसा आयोग मैलापाण्याच्या वाट्याला आला नव्हता.

दिवाळखोरीनंतर जे घडले ते मुद्दाम सांगायला हवे, कारण दिवाळखोरी म्हणजे सुटका असा समज असतो. नोकरदारांवरचा एक कर न्यायालयाने रद्द ठरवल्याने काउंटीचे इतर उत्पन्नही आटले होते. शेकडो कर्मचारी घरी बसले, उपनगरांतली सेवाकेंद्रे बंद झाली आणि गरिबांच्या कूपर ग्रीन रुग्णालयाचा आंतररुग्ण विभाग २०१२ च्या अखेरीस बंद झाला. डिसेंबर २०१३ मध्ये काउंटी दिवाळखोरीतून बाहेर पडली. धनकोंनी सुमारे १४० कोटी डॉलर सोडले, त्यांत सर्वांत मोठा वाटा जेपी मॉर्गनचा. काउंटीने १७८ कोटी डॉलरचे नवे रोखे काढून उरलेले देणे भागवले आणि चाळीस वर्षांची दरवाढ मान्य केली: पहिली चार वर्षे दरसाल ७.४१ टक्के, त्यानंतर दरसाल ३.४९ टक्के. नव्या रोख्यांपैकी काहींचे व्याज सुरुवातीला भरायचे नव्हते, ते मुद्दलात साचत जाणार होते. दहा वर्षांनी, २०२४ च्या आरंभी, काउंटीने हे कर्ज पुन्हा नव्याने मांडले तेव्हा सुमारे २२० कोटींचे रोखे काढावे लागले. दहा वर्षे वाढीव बिले भरूनही आकडा वर गेला होता. ग्राहकांच्या एका गटाने दरवाढीविरुद्ध अपील केले होते. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने ते ऐकण्यास नकार दिला. योजना अमलात आली आहे, रोखे विकले गेले आहेत, आता ते उलटवणे योग्य नाही, असे कारण दिले. म्हणजे करार होण्यापूर्वी विचारायची संधी नव्हती आणि झाल्यावर विचारायची वेळ निघून गेली होती.

आपल्याकडेही महापालिका आता रोखे बाजारात उतरल्या आहेत, तेव्हा ही दूरची गोष्ट राहिलेली नाही. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास समान पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे विकले. मुदत दहा वर्षे, व्याज ७.५९ टक्के, स्थिर. सेबीने २०१५ मध्ये केलेल्या नियमांखाली ते शेअर बाजारात नोंदले गेले. पुढे योजनेची कामे रेंगाळली, रोख्यांचे पैसे काही काळ बँकेत ठेवावे लागले, आणि काम सुरू नसताना व्याज कशापायी भरायचे असा सवाल पुणेकरांनी विचारला. सवाल योग्य होता. तो विचारता आला, कारण ७.५९ हा आकडा वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होता. जुलै २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही मुळा नदीच्या कामासाठी २०० कोटींचे रोखे काढले. तेव्हा तिथे निवडून आलेली सर्वसाधारण सभाच अस्तित्वात नव्हती. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून कारभार प्रशासकाकडे होता. त्या रोख्यांत जेफरसनसारखे काही दडले आहे असे मी सुचवत नाही. आपल्याकडच्या रोख्यांची रचना त्या मानाने साधी आणि रक्कम छोटी आहे. पण मलनिस्सारण आणि नदीशुद्धीकरणाची कामे हजारो कोटींची होत चालली आहेत, तशी कर्जेही मोठी होतील आणि त्यांची रचना गुंतागुंतीची करून देणारे सल्लागारही येतील. त्याआधी राज्य सरकारला एक साधा नियम करता येईल: प्रशासकाच्या काळात महापालिकेने दीर्घ मुदतीचे कर्ज काढू नये, आणि सभेने मंजूर केलेल्या प्रत्येक कर्जाची रक्कम, मुदत, व्याजाचा प्रकार आणि तारण दिलेले उत्पन्न पाणीपट्टीच्या बिलाच्या मागच्या बाजूला मराठीत छापावे. ती बाजू बहुतेक ठिकाणी अशीही सूचनांनीच भरलेली असते.